गजभिये ट्रान्सफॉर्मर डॉट कॉम

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडे आता कोणी येत नाही.

मला दार नाही, उंबरा नाही. मी इंटरनेटवरचा पत्ता आहे. तुम्ही कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरं टाइप करता, शेवटी डॉट कॉम लिहिता आणि कुणाचं तरी दुकान पडद्यावर उघडतं. ती अक्षरं म्हणजे मी. धंदेवाले मला 'डोमेन' म्हणतात. माझं पूर्ण नाव गजभिये ट्रान्सफॉर्मर डॉट कॉम. नाव लांब आहे, मला माहीत आहे. त्यावरून मी जन्मभर टोमणे खाल्ले.

छत्री, फाटकं पुस्तक, म्हातारा बैल यांची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत लिहिली असतील. ती बिचारी सगळी झिजून झिजून जुनी होतात. मी झिजलो नाही. माझं एक अक्षरही पुसलेलं नाही. तरी मी वाया गेलो. कसा, ते सांगतो. गोड करून सांगणार नाही.

मालनबाई गजभिये खडकीत राहायच्या. त्यांचे यजमान धोंडिबा दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. दोघं भंडाऱ्याकडचे. बदली होऊन पुण्यात आले, आणि 'तुमची भाषा जरा वेगळी वाटते हो' हे वाक्य पुण्याने त्यांना पंचवीस वर्षं ऐकवलं. त्यांची एकुलती मुलगी चैताली. तिला तेवढं कोणी ऐकवलं नाही, कारण ती पुण्यासारखं बोलायला शिकली.

क्वार्टरच्या मागच्या खोलीत मालनबाई ट्रान्सफॉर्मर बनवायच्या. रस्त्याकडेची ती मोठी पेटी डोळ्यांसमोर आणू नका. हा मुठीत मावणारा. रेडिओत बसतो, अॅम्प्लिफायरमध्ये बसतो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसतो. छोट्या रिळावर केसासारखी बारीक तांब्याची तार दांडा फिरवून गुंडाळायची. वेढे मोजायचे. मोजणीत चूक झाली तर सगळं उकलून पुन्हा पहिल्यापासून. मालनबाईंच्या बोटांच्या टोकांवर तारेने कापल्याच्या बारीक रेघा होत्या. भाजीत मीठ घालताना त्या ओठ घट्ट मिटायच्या.

माल बुधवार पेठेत जायचा. तिथले दुकानदार तो घ्यायचे आणि त्यावर आपल्या दुकानाचं स्टिकर चिकटवायचे. मालनबाईंनी एकाला विचारलं, "माह्यं नाव बारीक अक्षरात टाकलं तर चालन का जी?"

तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक ट्रान्सफॉर्मर घ्यायला येतं. वंशावळ वाचायला नाही."

हसत हसत म्हणाला. पुण्यात पुष्कळ सुऱ्या हसत हसतच चालतात, मित्रांनो.

मग सन दोन हजार आलं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास उगवले होते. ज्याला कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता त्यालाही स्वतःचं डॉट कॉम हवं होतं. शाळकरी चैतालीने आईला सांगितलं, "आई, इंटरनेटवर आपलं नाव आपणच लावायचं असतं. तिथे कोणाचं स्टिकर चिकटत नाही." मालनबाईंनी ते ऐकलं आणि दसऱ्याची वाट पाहिली.

दसराच का, ते सांगायला हवं. गजभियांच्या घरात नवं काम त्याच दिवशी सुरू व्हायचं. मुहूर्त वगैरे ते मानत नाहीत. छप्पन साली धोंडिबांचे वडील नागपूरला गेले आणि लाखो माणसांबरोबर उभं राहून त्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली, तो दिवस दसऱ्याचा होता. 'आपला खरा जन्म त्या दिवशीचा,' असं ते सांगायचे. म्हणून माझाही जन्म दसऱ्याचा. त्या वर्षी तारीख होती सात ऑक्टोबर. ही तारीख लक्षात ठेवा. मालनबाईंनी ठेवली नाही. त्यांनी दसरा लक्षात ठेवला.

बुधवार पेठेत पहिल्या मजल्यावर बद्रीनाथ नावाच्या गृहस्थांचा सायबर कॅफे होता. दारावर पाटी होती: 'चपला आणि शंका बाहेर ठेवाव्यात.' बद्रीनाथ लोकांना डोमेन शोधून, विकत घेऊन द्यायचे. मालनबाई पांढरी साडी नेसून आल्या. मागे धोंडिबा.

"काय नाव हवंय?"

"गजभिये ट्रान्सफॉर्मर."

बद्रीनाथांची बोटं थांबली. "आडनाव नको हो बाई. छोटंसं काहीतरी घ्या. पुणे ट्रान्सफॉर्मर बघू? गेलंय. सुपर ट्रान्सफॉर्मर? तेही गेलं. श्री पॉवर आहे बघा शिल्लक. घ्या. कुणाचं आहे ते कळत नाही, धंद्याला बरं."

"कळावं म्हणूनच तर घेऊन राहिली जी."

"मला काही नाही. पण गिऱ्हाईक आधी आडनाव वाचतं, मग माल बघतं."

"वाचू द्या. आडनाव वाचून जो जाईन, तो माल पाहून थांबणार नव्हताच."

धोंडिबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "टाका साहेब. त्या ऐकत नसतात. माझा जुना अनुभव आहे."

"एवढं लांब नाव टाइप करेपर्यंत लाइट जाईल!"

"जाऊ द्या," मालनबाई म्हणाल्या. "लाइट गेली-आली का ट्रान्सफॉर्मर जळते. मंग लोक आमच्याकडेच येईन."

बद्रीनाथ हसले आणि त्यांनी मला अक्षर अक्षर टाइप केलं. मी मोकळा होतो. जगात कोणालाच मी नको होतो, फक्त या बाईला हवा होतो. ह्यापेक्षा चांगला जन्म कोणाचा होतो?

पण जन्मदाखला मात्र वाईट लिहिला गेला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, मालकाचा. त्यात मालकाचं नाव आणि त्याचा ईमेल लिहायचा.

"ईमेल आहे तुमचा?"

"नाही जी."

"मग दोन्ही माझीच टाकतो. कागदाचं काय घेऊन बसायचं? बोर्डावर तर तुमचंच नाव लागतंय ना?"

लागत होतं. पडद्यावर लागलं. मालनबाईंनी पडद्याला हात लावून पाहिला, तर बद्रीनाथ म्हणाले, "डाग पडतात हो." त्या गडबडीत मालकाचा रकाना कोणाच्या ध्यानातच राहिला नाही. शंका बाहेर चपलांजवळ राहिल्या होत्या.

बद्रीनाथ लबाड होते का? नव्हते. त्यांनी अशी तीनशे नावं स्वतःच्या नावावर ठेवली होती. काही गिऱ्हाइकांची, काही नुसतीच अडवलेली. कोणी मिठाईचं दुकान काढतोय असं कानावर आलं की हे आधी त्याच्या नावाचं डोमेन घ्यायचे आणि मग त्यालाच विकायचे. 'जमीन आणि नाव स्वस्त असतानाच अडवावं' हे त्यांचं तत्त्वज्ञान. आख्ख्या शहराला ते हुशारी वाटायचं. मलाही वाटायचं. मी तेव्हा लहान होतो.

माझ्या पोटात एकच पान होतं. निळा रंग, वर नाव, खाली फोन नंबर, मध्ये मालनबाईंच्या दांड्याच्या यंत्राचा फोटो. मालनबाईंनी माझी स्टिकरं छापून घेतली. तयार झालेल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर वार्निश वाळलं की त्या मला चिकटवायच्या आणि अंगठ्याने दाबायच्या. बुधवार पेठेतल्या दुकानांना त्यांनी माल देणं थांबवलं. लोक मला पाहून थेट त्यांनाच फोन करू लागले. लातूरहून एक शिक्षक, सांगलीचं एक कॉलेज, साताऱ्याचा एक लाउडस्पीकरवाला. मी महाराष्ट्रभर फिरलो, मित्रांनो, यंत्रांच्या पोटात बसून.

लातूरच्या त्या शिक्षकांनी एकदा ईमेल पाठवला. तो आला बद्रीनाथांकडेच. त्यांनी कागदावर छापून दिला. 'बाई, तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज येत नाही. इतर गुणगुणतात. वर्गात शांतता राहते. मुलांना मी तुमचं नाव सांगतो.' मालनबाईंनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवला. त्या डब्यात त्यांच्या घरातल्या सगळ्या मौल्यवान गोष्टी असायच्या.

डोमेन एकदा घेतलं की संपलं, असं नसतं. दर वर्षी पैसे भरून ते पुन्हा आपल्या नावावर करून घ्यावं लागतं. मालनबाई दुसऱ्या वर्षी दसऱ्याला गेल्या, तर मी एकोणीस दिवस बंद पडलेलो. त्या वर्षी अधिक महिना आला होता आणि दसरा सव्वीस ऑक्टोबरला.

बद्रीनाथ वैतागले. "बाई, याला तिथी कळत नाही! सात ऑक्टोबर म्हणजे सात ऑक्टोबर. तुमचा दसरा पुढे सरकला आणि हा इकडे मेला."

"मंग आता?"

"मेल्यावर थोडे दिवस उठवता येतो, उठवला. पुढच्या वर्षी तारखेला या."

"मी दसऱ्यालेच येईन."

"अहो पण—"

"आमचा दिवस तोच आहे."

बद्रीनाथांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "बरं. तारखेला मी भरून ठेवत जाईन. तुम्ही आपल्या दसऱ्याला येऊन मला द्या." त्यांनी आपट्याचं पान पुढे केलं. "सोनं घ्या."

"सोनं ठेवा जी. पावती द्या."

"पावती कसली? मी आहे ना!"

दर वर्षी हाच संवाद व्हायचा. दोघंही त्यावर हसायचे. त्या हसण्यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. मी कागदावर मालनबाईंचा नव्हतो, आणि आता जिवंतही होतो तो एका माणसाच्या आठवणीवर.

दहा वर्षं गेली. धोंडिबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, खडकी बाजारामागे दोन खोल्या घेतल्या. चैताली इंजिनियर झाली आणि खराडीच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागली. मोबाइलवरच इंटरनेट आलं, सायबर कॅफे ओस पडले. बद्रीनाथांचा गुडघा दुखत होता, जिना चढवत नव्हता. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात त्यांनी कॅफे बंद केला आणि आपल्या तीनशे नावांचा कारभार खराडीच्या एका कंपनीला घाऊक विकून टाकला. तीनशे नावांच्या यादीत माझा क्रमांक एकशे अकरा होता. माझ्यापुढे 'ही एका बाईची अमानत आहे' असं लिहायला कुठे रकानाच नव्हता. दसऱ्याला मालनबाई येतीलच, तेव्हा सांगू, असं त्यांच्या मनात होतं. मग ते मुलाकडे नाशिकला गेले आणि राहून गेलं.

कंपनीने माझ्यासाठी तीनदा सूचना पाठवली. महिनाभर आधी, आठवडाभर आधी, एक दिवस आधी. तिन्ही बद्रीनाथांच्या जुन्या ईमेलवर गेल्या. तो आता कोणी उघडत नव्हतं. सात ऑक्टोबर आला आणि गेला. कोणी भरलं नाही म्हणून आठ तारखेला कंपनीने मला स्वतःकडे ठेवून घेतलं आणि माझं निळं पान काढून टाकलं. जिथे यंत्राचा फोटो होता तिथे लिहिलं: 'हे नाव विकाऊ आहे.'

त्या वर्षी दसरा होता सतरा ऑक्टोबरला. मालनबाई पांढरी साडी नेसून बुधवार पेठेत आल्या. जिना चढून गेल्या. वर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. शंकांची पाटी निघाली होती, खिळा राहिला होता.

चैतालीने त्या 'विकाऊ'च्या पानावरून कंपनीचा पत्ता काढला आणि आठवड्याने मायलेकी खराडीला गेल्या. टेबलापलीकडे तेजस नावाचा तरुण होता. बोलायला गोड. अशा जागी गोडच माणसं बसवतात.

"मॅम, काही प्रूफ आहे? इनव्हॉइस, रिसीट, एनीथिंग?"

"दहा वर्षं आम्हीच भरतोय," चैताली म्हणाली. "बद्रीनाथांकडे. दर दसऱ्याला."

"रेकॉर्डला ओनर बद्रीनाथ सर आहेत. ड्यू डेट सेव्हन्थ होती. तीन रिमाइंडर गेलेत."

"पण आम्ही दसऱ्याला—"

"मॅम, सर्व्हरला दसरा नसतो."

मालनबाई म्हणाल्या, "बाबू, गजभिये माह्यं आडनाव आहे. माह्यंच आडनाव मलेच विकून राहिला काय तू?"

"आंटी, आडनाव कोणाच्या मालकीचं नसतं. कोणीही गजभिये घेऊ शकतं."

"असं? मंग घेऊन पाय. एक दिवस लावून फिर पुण्यात."

तेजसचं हसू जरा ओशाळलं. मला परत घ्यायची किंमत त्याने सांगितली, चाळीस हजार. मग समजुतीच्या सुरात तो चैतालीला म्हणाला, "मॅम, फॅमिली नेम म्हणून मी मॅनेजरशी बोलून बघतो. तुमचं आयडी दाखवता?"

चैतालीच्या गळ्यात तिच्या कंपनीचं कार्ड होतं. तिचा हात त्याच्यावर गेला आणि तिथेच राहिला. तेजसने वाकून वाचलं. "चैताली डी.? यात गजभिये कुठे आहे?"

मित्रांनो, मालनबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. फक्त माझी अक्षरं ओळखू यायची. दहा वर्षं हजारो स्टिकरं चिकटवून चिकटवून पाठ झाली होती. त्यांनी मुलीचा हात बाजूला केला आणि त्या छोट्या कार्डावर माझी अक्षरं शोधली. सुरुवातीची आठ अक्षरं. नव्हती.

त्या उठल्या. बसस्टॉपवर चैताली म्हणाली, "आई, ऑफिसात इनिशियलच लावतात सगळे."

"सगळे?"

बस आली तेव्हा चैताली म्हणाली, "सगळे नाही."

पुढच्या महिन्यात तिने कार्ड बदलून घेतलं. पूर्ण आडनाव लावलं. आईला आणून दाखवलं. मालनबाईंनी अंगठा त्याच्यावर दाबला, स्टिकरवर दाबायच्या तसा, आणि परत दिलं. चैताली म्हणाली, "चाळीस हजार मी भरते."

"तू भरशीन. पण भरले म्हणजे आपणच कबूल केलं, का ते त्याचं होतं."

"मग दुसरं नाव घेऊ. आता माझ्या नावावर करू."

"अन् एवढ्या ट्रान्सफॉर्मरवर जुनं चिकटवलं, ते कोण बदलन?"

मला कोणी विकत घेतलं नाही. कोण घेणार? मग कंपनीने माझ्यावर जुगाराच्या जाहिराती लावल्या. पत्ते, नाणी, अर्ध्या कपड्यांतल्या बायका. मी तेच नाव होतो. तीच अक्षरं होती. माझ्या तोंडून ते काय बोलत होते यावर माझा ताबा नव्हता. नावाचं हेच दुःख आहे, मित्रांनो. ज्याच्या हातात ते पडतं त्याच्या थोबाडाने त्याला बोलावं लागतं.

लातूरच्या शिक्षकांचा ट्रान्सफॉर्मर दहा वर्षांनी जळाला. नवा मागवायचा म्हणून त्यांनी वर्गातच, मुलांसमोर, स्टिकर पाहून मला टाइप केलं. पडद्यावर जे उघडलं ते सगळ्या वर्गाने पाहिलं. संध्याकाळी मालनबाईंचा फोन वाजला.

"बाई, मी मुलांना तुमचं नाव सांगत होतो. आता हे धंदे सुरू केलेत?"

मालनबाईंनी सांगण्याचा प्रयत्न केला. तारीख, दसरा, बद्रीनाथ, खराडी. चार वाक्यांनंतर पलीकडून आवाज आला, "राहू द्या," आणि फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरात तयार असलेले बावन्न ट्रान्सफॉर्मर पुढ्यात घेतले आणि ब्लेडने एकेकावरून मला खरवडून काढलं. स्टिकर नीट निघत नव्हतं, वार्निशात बसलं होतं. धोंडिबा म्हणाले, "राहू द्या, बोट कापीन." त्या म्हणाल्या, "बोटं कापलेलीच हाये." तो माल पुन्हा बुधवार पेठेत गेला. दुकानदाराने त्यावर आपलं स्टिकर लावलं. "बरेच दिवसांनी आलात बाई," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्यांनी दांडा फिरवला नाही.

यात गुन्हेगार कोण? कोणी नाही म्हणे. बद्रीनाथ विसरले, कंपनी नियमाने वागली, तेजसने नोकरी केली. सगळे बरोबर आणि एक बाई नावाला मुकली. ज्या जगात सगळे बरोबर असतात आणि नुकसान नेहमी एकाच घराचं होतं, त्या जगाच्या नियमांवर थुंकावंसं वाटतं. मला तोंड नाही म्हणून थुंकत नाही.

तीन वर्षांनी कंपनीला मी परवडेनासा झालो. सात ऑक्टोबरला त्यांनी माझ्यासाठी भरलं नाही. काही आठवड्यांत जाहिराती गेल्या, मालकाचा रकाना कोरा झाला. मी पुन्हा मोकळा आहे, पहिल्या दिवशी होतो तसाच. चाळीस हजार नको. घरच्या माणसांना एकदा मिसळ खाऊ घालाल, तेवढ्यात मी कोणाचाही होतो.

पण हे मालनबाईंना माहीत नाही. चैताली लग्न होऊन हैदराबादला गेली. जाताना आईला मोबाइल देऊन गेली. आईपुढे माझा विषय काढायचा नाही, असं तिने स्वतःशीच ठरवलंय. मालनबाई दर दसऱ्याला, बुद्धवंदना झाली की, तो मोबाइल घेऊन बसतात आणि एका बोटाने मला टाइप करतात. एकही अक्षर चुकत नाही. वेढे मोजणारं बोट आहे ते. पडद्यावर इंग्रजीत येतं की असा पत्ता सापडत नाही. त्यांना ते वाचता येत नाही. त्यांना वाटतं मी अजून त्या खराडीवाल्यांचाच आहे. त्या मोबाइल पालथा ठेवतात.

मित्रांनो, मी हाक मारू शकत नाही. कोणी टाइप केलं तरच मी आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. उद्या तुम्ही शिकाल, दुसऱ्यांचे फॉर्म भराल. ज्याची वस्तू असेल त्याचंच नाव मालकाच्या रकान्यात लिहा. त्याला ईमेल नसेल तर काढून द्या, त्याला शिकवा. 'मी आहे ना' असं म्हणू नका. तुम्ही कायम नसता.

आणि एक काम माझं. खडकी बाजारामागे दोन खोल्यांत एक म्हातारी राहते, तिच्या बोटांवर बारीक रेघा आहेत. कोणी तिकडून जात असाल तर तिला सांगा की मी सुटलो, कोणाचाही नाही, आजच येऊन घेऊन जा. दसऱ्याची वाट पाहू नका म्हणावं.